दोर हाताला, झाडाला नाय

कुंडलिकेत माणूस बुडाला की पहिला फोन पोलिसांना जायचा आणि दुसरा निरोप सोमा मुकण्याला. पोलीस यायचे, कागद काढायचे, काठावर उभे राहायचे. पाण्यात उतरायचा सोमा. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाच्या पुढे नदीला लागून दहा-बारा घरांची कातकरीवाडी आहे, तिथलं अगदी कडेचं घर त्याचं. कपारीत हात घालून मासा धरणारी ही माणसं, त्यांना पाणी शिकवावं लागत नाही. पण अडीच-तीन मिनिटं दम धरून, काळ्या डोहात चाचपत मेलेलं माणूस शोधायचं काम वाडीत एकट्या सोमाचं होतं. ते त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

सोमाच्या घरात खुंटीला एक निळा नायलॉनचा दोर असायचा. एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं काठावर त्याची बायको सोनी हिच्या हातात. खालून एक हिसका आला की ठीक आहे. दोन आले की ढील दे. तीन आले की ओढ. आणि वरून सोनीने तीन दिले की पाणी वाढतंय, असशील तसा वर ये. कारण ही नदी साधी नाही. वरच्या अंगाला धरणाचं पाणी सोडतात, रोज ठरल्या वेळी, आणि गुडघ्याएवढी नदी बघता बघता डोक्यावरून जाते. म्हणून त्या घरात एक नियम होता, सोमाच्या बापापासूनचा: दोर हाताला, झाडाला नाय. बांधलेल्या दोराला हिसका कळत नाही. वर पाण्याला ओढ असली तर बांधलेला दोर माणसाला वाचवत नाही, तोच त्याला खाली दाबून धरतो. हातातला दोर ढिला करता येतो, झाडाला काय कळतंय कपाळ!

आणखी एक रीत होती. तिची वेळ येऊ नये असंच सगळ्यांना वाटायचं. उतरलेला माणूस जिवंत परत आला नाही, तर ज्याने दोर धरला होता त्याने दहाव्याच्या आत तो दोर मेलेल्याच्या दारात आणून ठेवायचा, आणि घरच्यांच्या तोंडावर सांगायचं, कसं झालं, माझ्या हातून काय चुकलं. मग घरच्यांनी त्याला तांब्याभर पाणी द्यायचं. पाणी दिलं की राग संपला. वाडीत भांडणं काही कमी नव्हती, पण ही रीत कुणी मोडली नव्हती.

मोडली ती सुशीलने.

हा सुशील पेणचा. कोलाडला याच नदीत रबरी होड्या सोडून पाहुण्यांना राफ्टिंग करवायचा. तेव्हा पंचविशीचा असेल, काळा चष्मा, मोटारसायकल, तोंडात सदा 'आपण पाण्यातले राजे'. अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत त्याच्या होडीतून एक पाहुणा पडला आणि सापडला नाही. संध्याकाळी सुशील वाडीवर आला. सोमाची पोरगी करिश्मा दारात बसून मासे साफ करत होती, पंधरा वर्षांची. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

सोनी त्या दिवशी तापाने फणफणली होती. "मी येते उद्या, दोर धराया," ती आतून म्हणाली.

"पडून ऱ्हा गो," सोमा म्हणाला. "ह्यो सुशील धरतो म्हनतोय." मग त्याने सुशीलला तिन्ही हिसके समजावले आणि शेवटी म्हणाला, "आनि एक. दोर हाताला, झाडाला नाय."

"अरे सोमा, मला शिकवतोस?" सुशील हसला. "माझं अख्खं आयुष्य पाण्यात गेलंय."

पंचविसाव्या वर्षी अख्खं आयुष्य! करिश्माने ते ऐकलं आणि तिला तेव्हा हसू आलं. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग यायचा.

सकाळी सोमा उतरला. थोड्या वेळात बुडालेल्या पाहुण्याचे नातेवाईक गाड्यांतून आले, बरोबर कॅमेरेवाले दोघे. आपली बाजू मांडायला सुशीलला वर रस्त्यावर जायचं होतं. हातात दोर. त्याने काय करावं? काठावरच्या जांभळीच्या बुंध्याला दोर बांधला आणि गेला. पाणी आपल्या वेळेवर आलं, पाण्याला बोल लावता येत नाही. खालून किती हिसके आले ते त्या जांभळीला ठाऊक.

सुशील परत आला तेव्हा दोर ताणून गाठ दगड झाली होती. गाठीपुढचा दोर त्याने सुरीने कापला, आणि मग ओरडून माणसं गोळा केली. सोमा दोरासकट खाली वळणावर सापडला. आणि सुशीलने सगळ्यांना सांगितलं, प्यायला होता हो. नको नको म्हणताना उडी मारली, दोर माझ्या हातातून ओढून घेऊन गेला.

आता सोमा पीत नव्हता असं नाही. शिमग्याला प्यायचा, लग्नात प्यायचा. पण पाण्याआधी थेंब नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. वाडीला विचारतो कोण! पंचनाम्यावर पंच म्हणून अष्टमीच्या हैबतरावांची सही झाली. त्यांची भाताची गिरणी, गावात शब्दाला मान. सोनीचा अंगठा घेतला, प्रेत लवकर ताब्यात मिळेल म्हणून. कागदावर काय लिहिलंय ते तिला चौथ्या दिवशी कळलं. नवरा दारूच्या नशेत पाण्यात उतरला, असं तिनेच सांगितलं होतं म्हणे.

करिश्मा दुसऱ्याच दिवशी काठावर गेली होती. जांभळीची साल हातभर सोलली होती आणि बुंध्याला निळ्या दोराचा फास तसाच रुतलेला होता, गाठीसकट, पुढचं टोक साफ कापलेलं. तिने तो फास नखांनी उकरून काढला. हवालदाराला नेऊन दाखवला. तो म्हणाला, "दोर काय गो, कुठेही सापडतो."

दहा दिवस सोनी दाराकडे बघत बसली. दहाव्यालाही सुशील आला नाही. सोमाच्या कमरेचा सोडलेला दोर सुशीलच्याच गोदामात गेला. सोनीने खुंटी रिकामी ठेवली, त्यावर पिशवीसुद्धा कुणाला अडकवू दिली नाही. शाळेत करिश्मा 'दारुड्याची' झाली. वाडीतल्या कुणालाही नदीवर बोलवेनासे झाले. ते लोक पितात, म्हणायचे.

"फास ठेव सांबाळून," सोनी एवढंच म्हणाली.

करिश्माने सांभाळला. आणि राग त्याच्याहून जास्त सांभाळला. दोन वर्षांनी नौदलातून निवृत्त झालेला एक माणूस एका अपघाताच्या तपासाला रोह्याला आला होता. डोहात पडलेली त्याची कॅमेऱ्याची पेटी या पोरीने एका दमात वर आणून दिली. तो बघतच राहिला. त्याने तिला मालवणला, पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं शिकायला धाडलं. तिथून अंदमान, आणि अंदमानातून मालदीव. छाती फुटेस्तोवर मेहनत केली पोरीने. इंग्रजी शिकली, सिलिंडर उचलायला शिकली, साहेब लोकांना पाण्याखाली हाताला धरून न्यायला शिकली. सव्विसाव्या वर्षी ती एका बेटावर डाइव्ह गाईड होती, आणि जाकिटाच्या आतल्या खिशात तो निळा फास असायचा. बरोबरचे विचारायचे, हे काय? ती म्हणायची, देवाचं आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी नव्या पाहुण्यांची यादी तिच्या हातात आली. भारतातून चौदा जणांचा ग्रुप, सगळे पेण-रोह्याचे. ग्रुप आणणारा: सुशील.

तिने यादी दोनदा वाचली आणि तोंड धुऊन आली.

सुशील आता मोठा झाला होता. राफ्टिंग होतंच, वर देश-परदेशच्या सहली. पोट सुटलं होतं, चष्मा तोच. त्याने करिश्माला ओळखलं नाही. कसं ओळखणार? ज्या तोंडाकडे कधी बघितलं नाही ते ओळखायचं कशावरून? तीही इंग्रजीतच बोलली. मग काय, तिच्यादेखत मराठीत मोकळं रान. "ही बंगाली असेल काय हो?" "नाय, केरळची दिसते." चौदांत एक म्हातारे होते, पांढऱ्या टोपीवर बेटाची रंगीत टोपी चढवलेले, लेक अनिताने आग्रहाने आणलेले. करिश्माने त्यांना लगेच ओळखलं. हैबतराव. लहानपणी ती त्यांच्या गिरणीत डोक्यावरून भात न्यायची. पंचनाम्यावरची सही यांचीच.

दोन दिवस ती गप्प होती. तिच्या मनात काय होतं? खरं सांगायचं तर काहीही होतं. तो झोपेत मरावा असं होतं, त्याला उलट्या व्हाव्यात असं होतं, सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवावी असंही होतं. पण एकही गोष्ट पुरेशी वाटेना. मेला तर सुटला. पेणच्या चौकात त्याचा फोटो लागेल, हार घालतील, पाण्यातला राजा गेला म्हणतील. आणि आईची खुंटी रिकामीच राहील. तिला हवा होता तो जिवंत, बोलता, आपल्या दारात दोर घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुशील रंगात आला. करिश्मा बाजूलाच मास्क पुसत होती.

"माझ्याकडे एक पाणबुड्या होता," तो सांगू लागला. "कातकरी. एक नंबरचा दारुडा. त्याला म्हटलं, बाबा, उतरू नको, तर म्हणतो कसा, साहेब, पाण्यात गेलो की उतरते! उतरली ती कायमचीच."

टेबल हसलं. हैबतराव हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. करिश्माने हातातला मास्क खाली ठेवला, कारण काच तडकेल असं तिला वाटलं. त्या क्षणी तिचं ठरलं.

तिसरा दिवस मांटांचा. मांटा म्हणजे आपल्याकडचं पाकटच, पण अवाढव्य. या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा-तेरा फूट. डंख नाही, दात लावत नाही, गरीब जनावर. प्रवाळाच्या एका ठरावीक खडकावर ती येतात, वर तरंगत राहतात, आणि बारके मासे त्यांचं अंग साफ करतात. बघायला गेलेल्याने खडकाच्या आडोशाला खाली बसून राहायचं, हालचाल करायची नाही. तिथे पाण्याला ओढ असते, म्हणून नवख्या माणसाच्या जाकिटाला एक छोटा दोर लावून गाईड तो हातात धरतो.

"मला या सगळ्यांबरोबर नको," सुशील म्हणाला. "मला एकट्याला पुढे ने. जाहिरातीसाठी व्हिडिओ करायचाय. मी काय नवखा नाही."

"शुअर सर," करिश्मा म्हणाली.

बाकीची मंडळी दुसऱ्या गाईडबरोबर खडकाच्या अलीकडे उतरली. हैबतराव लाइफ जॅकेट घालून बोटीतच बसले. करिश्मा सुशीलला घेऊन पलीकडे गेली. चाळीस फूट खोल दोघं खडकाला टेकली. दोर तिच्या मुठीत. त्याने काठीवरचा कॅमेरा उंच धरला आणि तेवढ्यात निळ्यातून पहिली मांटा आली. मागोमाग दुसरी, तिसरी. वाळत घातलेलं घोंगडं वाऱ्याने उचलावं तसे ते पंख. पांढरं पोट डोक्यावरून सरकत गेलं, इतकं जवळून की पोटावरचा एकेक काळा ठिपका मोजता यावा. कुठलाही आवाज नाही. एरवी या जागी करिश्माच्या डोळ्यांत पाणी यायचं. बापाला दाखवायला हवं होतं, असं वाटायचं. त्याने जन्मभर पाण्याखाली काळोख आणि प्रेतंच बघितली.

आज तिने वर बघितलं नाही. तिने शांतपणे सुशीलचा दोर खडकाच्या एका मेलेल्या, कठीण सुळक्याभोवती फिरवला, दोनदा, आणि गाठ मारली. मग हात सोडला आणि दोन हात मागे सरकून बसली. हाताची घडी.

सुशीलला आधी कळलंच नाही. तो कॅमेऱ्यात बघून अंगठे दाखवत होता. मग त्याने पुढे सरकायचा प्रयत्न केला आणि दोराने त्याला धरलं. मागे वळून बघितलं. बांधलेला दोर. रिकामे हात घेऊन बसलेली बाई. त्याने खुणा केल्या, सोड. करिश्मा बसली. त्याने अंग पुढे रेटलं. ओढीत गाठ अजून आवळली. करिश्माने खिशातून निळा फास काढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

काचेआड त्याचे डोळे मोठे झाले.

त्याने ओळखला की नाही, हे तिला आजही नक्की सांगता येत नाही. पण भ्यायला, ते खरं. बेफाम भ्यायला. कॅमेरा सुटून गेला. हातपाय झाडायला लागला, आणि नदीवर पाहुण्यांना तो जे शिकवायचा तेच त्याने केलं: पाण्यात सापडलात की दम धरा. नदीत ते बरोबर. पण सिलिंडरची हवा छातीत कोंडून माणूस वर उसळला की फुप्फुस फाटतं; या कामातला हा पहिला धडा, जो या राजाने घोकलेला नव्हता. गाल फुगवून तो वर धडपडायला लागला. दोर होता म्हणून जाईना. त्या झटापटीत तोंडातली नळी निसटली.

करिश्मा श्वास मोजत होती. वीस मोजायचे ठरवले होते. बापाला किती मिळाले असतील ते तिला ठाऊक नव्हतं, पण विसांहून जास्त नक्की. नळी निसटली तेव्हा चौदा झाले होते.

सहा बाकी होते. तिला हवे होते ते सहा, अगदी मनापासून हवे होते. हे ती कुणापासून लपवत नाही.

पण दोन झेपांत ती त्याच्यापाशी पोचली. नळी तोंडात कोंबली, पोटात गुद्दा घालून दम सोडायला लावला, जाकिटाला धरून खाली दाबलं, श्वास सुरू होईपर्यंत सोडलं नाही. मग सुरीने गाठ कापली, दोर मुठीला तीन वेढे घेऊन घट्ट धरला, आणि हळूहळू, मध्ये थांबत, नियमाने त्याला वर आणलं. असल्या माणसासाठी! वाटेत एक मांटा त्यांच्या खालून गेली, तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

बोटीत चढल्याबरोबर सुशीलने मास्क फेकला. बाकीची मंडळी आधीच वर आली होती, टॉवेल गुंडाळून चहा पीत होती.

"ही बाई खुनी आहे!" तो ओरडला. "मारत होती मला! दगडाला दोर बांधून सोडून दिलं मला!"

सगळे गडबडले. हैबतराव उठले. "अरे, पण दोर सुरक्षेसाठीच असतो ना? बांधला तर काय झालं? वाहून गेला नायस, हे बरंच झालं की."

"काका, तुम्हाला नाही कळायचं!" सुशीलचा तोल पार सुटला होता. "पाण्याला ओढ असली आणि दोर बांधलेला असला ना, तर माणूस वर येऊच शकत नाही! दोरच त्याला खाली दाबून धरतो! कितीही हिसके द्या, काही होत नाही! गाठ दगड होते, दोर कापावा लागतो! माणूस मरतो काका, जागच्या जागी मरतो!"

करिश्मा सिलिंडर उतरवत होती. ती उभी राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मराठीत बोलली.

"माझा बाप बी असाच मेला व्हय रे?"

सुशील एक पाऊल मागे सरकला.

"हिसके तुला कुठं दिसले? खाली तर तू एक बी हिसका दिला नायस. कुनाचे बघितलेस?"

हैबतरावांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "तू कोण गो?"

"सोमाची करिश्मा. तुमच्या गिरणीत भात आणायची." तिने निळा फास त्यांच्या हातात दिला. "जांभळीला व्हता. दुसऱ्या दिवशी काढला मी. गाठ बघा. टोक बघा, तुटलेलं नाय, कापलेलं हाय. हातातनं ओढून नेलेल्या दोराला गाठ कशी राहील, काका?"

म्हाताऱ्याने फास उलटासुलटा केला. गाठीत अजून जांभळीच्या सालीचा काळा कण अडकलेला होता. तो त्यांनी नखाने टोकरून बघितला.

"झाडाची साल सोललेली मी बघितली होती," ते हळूच म्हणाले. "पंचनाम्याच्या दिवशी. डोळ्यांनी बघितली होती. विचारलं नाय. हा म्हणाला सही करा, केली." मग ते सुशीलकडे वळले, आणि आवाज एकदम गिरणीच्या वर चढला. "काल रात्री जेवताना आम्हाला हसवत होतास ना रे? बोल आता! बोल की!"

सुशील त्यांच्याकडे बघेना, अनिताकडे बघेना, बाकी बाराजणांकडेही बघेना. खाली बसला. "दोनच मिनिटं गेलो होतो," तो म्हणाला. "काका, देवाशपथ, दोनच मिनिटं."

आता तुम्ही म्हणाल, पोरीने केलं ते बरोबर केलं काय? तिला विचारा. ती म्हणते, नाय. मॅनेजरसमोर तिने सरळ सांगितलं, बांधला, मुद्दाम बांधला. त्याच दिवशी नोकरी गेली, आणि परत ते काम कुठे मिळेल की नाही ठाऊक नाही. नऊ वर्षांची मेहनत चौदा श्वासांत घालवली. तिला त्याचं वाईट वाटलं, मांटांचं तर फारच वाटलं. सुशीलचं मात्र कणभरही नाही.

हैबतराव गावी आल्या आल्या पोलीस ठाण्यात गेले आणि आपण खोट्या पंचनाम्यावर सही केली होती असा जबाब लेखी देऊन आले. त्यांनीच सुशीलला निरोप धाडला: पोलिसांचं व्हायचं ते होईल, आधी दोर घेऊन सोमाच्या दारात जा. चौदा माणसांनी गोष्ट पेणपासून रोह्यापर्यंत पोचवली होतीच. त्याच्या होड्या काठाला लागून राहिल्या. सोनी अडाणी बाई, दोर घेईल, चार आसवं गाळेल, पाणी देईल, आणि मग लोकांना सांगता येईल मिटलं म्हणून. असा काहीसा हिशेब करून तो आला असणार.

भर दुपारी आला. मार्चचं ऊन. अष्टमीच्या रस्त्यावर गाडी लावून वाडीपर्यंत चालत यावं लागतं, घामाने सदरा अंगाला चिकटला होता. खांद्यावर निळ्या दोराचं वेटोळं, अकरा वर्षं होड्या बांधून बांधून विटलेलं. वाडी सगळी अंगणात. हैबतराव बाजूला, टोपी हातात घेऊन. करिश्मा दाराच्या चौकटीला टेकून.

सोनी उंबऱ्यात बसली होती. त्याने दोर तिच्यासमोर ठेवला.

तिने दोर हातावर मोजायला घेतला. एक हात, दोन हात. सगळा मोजून झाला. "कमी हाय," ती म्हणाली. करिश्माने तो फास तिच्या मांडीवर ठेवला. सोनीने कापलेल्या टोकाला कापलेलं टोक लावून बघितलं. मग वर बघितलं.

"सांग."

सुशीलने सांगितलं. जमिनीकडे बघत, पण सांगितलं. दोर बांधला. वर गेलो. आलो तोवर पाणी चढलं होतं. गाठीपुढे दोर कापला. तो प्यायला नव्हता.

"मोठ्यानं," सोनी म्हणाली. "मागच्यांना ऐकाया गेलं नाय."

"प्यायला नव्हता!" तो ओरडला आणि रडायला लागला.

सोनी उठली, दोर आणि फास दोन्ही आत नेले आणि खुंटीला अडकवले. अकरा वर्षांनी खुंटी भरली. परत येऊन ती होती तिथेच बसली. सगळ्यांची नजर दाराआडच्या पाण्याच्या हंड्यावर. रीत पुरी व्हायची राहिली होती. करिश्माने आईकडे बघितलं. आई जागची हलली नाही.

सुशील वाट बघत राहिला. घशाला कोरड पडली होती त्याच्या, ओठ चिकटत होते. शेवटी न राहवून तो म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळेल?"

"हाय की," सोनी म्हणाली आणि हाताने खाली नदी दाखवली. "उतर. दोर मी धरते."